मामाच्या फ्लास्कातला फेस

तर काल कुठं होतो आपण? हां, भाचीनं फ्लास्क उजेडाला धरला आणि मामा हातातली नळी टाकून धावला. फ्लास्क निळा!

मामा म्हणजे त्या प्रयोगशाळेतला काचा धुणारा. तीस वर्षं घासून घासून बोटांच्या मनुका झालेल्या, पण ऐट अशी की धुतलेली नळी कुणी निरखून बघितली तरी गडी दोन दिवस अबोला धरायचा. सख्खी भाची तिथंच मातीतल्या जंतूंवर संशोधन करायची. आज तीनला परीक्षक येणार, पाच वर्षांच्या कष्टांचा फैसला होणार.

तिनं मामाला सगळं समजावलेलं. "जंतूला बाहेरून भिंत असते, मामा. आत एक मुकादम असतो, पण एरवी त्याला दुसऱ्या एका प्रथिनानं करकचून मिठी मारून बसवलेलं असतं. भिंतीला धक्का लागला की मिठी सुटते. मुकादम धावतो, डागडुजीची जनुकं चालू करतो. त्यांच्या जोडीला मी निळ्या रंगाचं एक जनुक बसवलंय."

"म्हणजे जंतू घाबरला की निळा?"

"हो. भिंत फोडणारं औषध घातलं तर निळा, नाही घातलं तर पांढरा."

आणि आज सकाळी औषधाचे, बिनऔषधाचे, झाडून सगळे निळेशार! भाची रडकुंडीला आली. मामानं गुपचूप एक धुतलेला फ्लास्क घेतला, पाणी ओतलं, गदागदा हलवला. वर हा एवढा फेस!

"मामा!" भाची मागंच उभी.

"अगं, तुझी परीक्षा म्हणून जरा..."

"जरा? सगळ्यांच्या भिंतींना साबण लावलास की!"

मग काय, मामानं बाह्या सरसावल्या. एकेक फ्लास्क दहा-दहा पाण्यांनी काढला. भाचीनं नव्यानं जंतू वाढवले. अडीचला बिनऔषधाचे फ्लास्क दुधासारखे पांढरे झाले, तेव्हा कुठं मामाच्या जिवात जीव आला.

परीक्षक खूश झाले. पण निघताना त्यांची नजर कोपऱ्यात राखून ठेवलेल्या सकाळच्या एका निळ्या फ्लास्कावर गेली. भाची प्रामाणिक, तिनं त्यावर चिठ्ठी डकवली होती: 'औषध नाही. मामाचा साबण.' परीक्षकांनी मामाला बोलावलं.

"किती साबण घातला होता हो?"

मामा हात पुसत म्हणाला, "मोजून कुठला, साहेब? भाचीची परीक्षा म्हटल्यावर हात सैल सुटला. पण तुमचा जंतूही भलताच नाजूक बघा. घरी आमची ही चाळीस वर्षं मला धारेवर धरतेय, मी कधी रंग बदलला?"