आरतीला उठले नाही

सत्यनारायण माझ्यासाठीच घातला होता. मल्टिपल स्क्लेरोसिसचं निदान होऊन तीन वर्षं झाली होती आणि चारकोपच्या आमच्या घरात सासूबाईंना एवढंच ठाऊक होतं, की सुनेचे पाय धड चालत नाहीत. लघवीचं फक्त नवऱ्याला माहीत होतं. मेंदूचा निरोप मूत्राशयाला नीट पोचत नाही. लागते ती एकदम घाईची, आणि थांब म्हटलं तर थांबत नाही.

त्या सकाळी मी डायपर काढून ठेवला. देवाबिवावर माझा फारसा विश्वास नाही, पण सोवळ्यात डायपर? मनाला पटेना. गाढवपणा, दुसरं काय! वर आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. असं करू नका, त्रास वाढतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

चौथ्या अध्यायात लागली. मी नवऱ्याला चिमटा काढला. तो पुटपुटला, "थांब ना, संपतच आलंय."

गुरुजी सांगत होते, कलावती प्रसाद न घेताच धावली आणि तिच्या नवऱ्याची नौका बुडाली. आता उठायची माझी काय बिशाद! दात आवळून देवाला म्हटलं, पाय घे हवे तर, पण एवढा वेळ सांभाळ. त्याने सांभाळलं नाही. रेशमी साडीखालचा पाट गरम झाला, मग गार.

शंख वाजला. आरतीला सगळे उभे राहिले. सासूबाईंनी मायेने माझा दंड धरला. "ऊठ गो, मी धरतंय तुका."

"सोडा मला!" मी किंचाळले. "हात लावू नका!"

टाळ्या थांबल्या. सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला. उर्मट म्हणा, काय वाटेल ते म्हणा, पण हे कळायला नको, एवढंच माझ्या डोक्यात होतं. "पाय दुखतायत तिचे," म्हणून नवऱ्याने सारवासारव केली. सगळे जाईपर्यंत मी हलले नाही. पाट त्यानेच धुतला.

कोणाला कळलं नाही. पण तेव्हापासून सासूबाई मला हात लावत नाहीत. दुपारी घरात आम्ही दोघीच असतो. लागली की मी भिंत धरून निघते. त्या अर्ध्या उठतात आणि परत बसतात. "आई, हात द्या," एवढंच म्हणायचं असतं, ते तोंडातून निघत नाही. बाथरूम दहा पावलांवर आहे. सातव्या-आठव्या पावलाला मी भिजलेली असते.