हॉलखालचं टाकं

"मॅडम, मी इथं मिरची नाई कुटत," कौसाबाई म्हणाल्या आणि हातातला बत्ता त्यांनी खाली ठेवला.

मी रिपोर्ट बॅगेत घालत होते. त्यावर माझी सही झाली होती. वाशीमला मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. जुनी इमारत राहण्याजोगी आहे की नाही, हे तपासून लिहून देणं हे माझं काम. रिसोडजवळचा हा बंगला एका तेल गिरणीच्या मालकाने बांधलेला. भुईमूग आणि सरकीच्या तेलाची तेजी होती तेव्हाचा, म्हणून दरवाजे सागवानी आणि हॉल लग्न लागेल एवढा मोठा. पुढे गिरणी बंद पडली, घरचे पुण्याला गेले आणि एका संस्थेने तिथे वसतिगृह करायचं ठरवलं. मानोऱ्याकडच्या तांड्यांवरून आईबाप ऊसतोडीला गेले की त्यांच्या पोरी इथे राहून शाळेत जाणार होत्या. चाळीस पोरी, आणि त्यांच्या आईबापांना नेणारे ट्रक दोन दिवसांनी निघणार होते.

"काहून नाई कुटत?" संस्थेचे सचिव राठोड सर वैतागले. स्वयंपाकघरात रंग चालू होता, म्हणून त्यांनीच स्वयंपाकाला ठेवलेल्या बाईंना हॉलमध्ये बसवलं होतं.

"खालून घुमते. खिडकीपाशी नाई घुमत, इथंच घुमते."

राग मलाही आला. दोन दिवस मी रिबाउंड हॅमर, म्हणजे काँक्रीटवर ठोकून त्याची ताकद सांगणारं यंत्र, घेऊन कॉलम, बीम, स्लॅब सगळं तपासलं होतं. आता खलबत्ता मला शिकवणार? फरशी तेवढी मी तपासली नव्हती. तळमजल्याच्या फरशीखाली जमीनच असणार, तिथे काय बघायचं?

तरी बत्ता उचलला. खिडकीपाशी ठोकला. ठक्. मधोमध ठोकला, तर आवाज खाली कुठेतरी रेंगाळला.

"सर, फरशी उखडावी लागेल."

"मॅडम, तुमचा कागद नसन तर मले पोरी ठेवता येत नाई. परवा त्या मायबापासंग ट्रकात बसतीन. मंग शाळा सुटलीच म्हणा."

"आणि फरशी खचली तर?"

खरं सांगते, मलाही क्षणभर वाटलं, इतकी वर्षं टिकलंय, हाही हंगाम टिकेल. कागद तयार होता. आवाज आम्हा तिघांशिवाय कोणी ऐकला नव्हता. मग जेवणाची घंटा झाल्यावर याच हॉलमध्ये चाळीस पोरी एकदम उठून धावताना डोळ्यांपुढे दिसल्या. कागद काढला आणि फाडला.

दोन टाइल्स काढल्या. खाली दगडी लाद्या, लाद्यांखाली लोखंडी रूळ, आणि रुळांचे गंजून पापुद्रे सुटलेले. फटीतून खवट वास आला. टॉर्च मारला तर पुरुषभर खोल टाकं! भाव चढेपर्यंत मालक तेल पायाखालीच साठवत होता. पुण्याला त्याच्या नातवाला फोन लावला.

"हो, आजोबांचं टाकं. बुजवलं असेल ना?"

कोणीच बुजवलं नव्हतं. वरून नुसत्या टाइल्स बसवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईबाप पोरींच्या पत्र्याच्या पेट्या घेऊन आले. हॉल सोडून बाकीच्या खोल्यांत जेमतेम बारा पोरी मावत होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना. टाकं भरल्याशिवाय सही होणार नाही, असं सांगितलं आणि रडारडीची वाट बघत उभी राहिले.

"खड्डाच भराचा हाय नं?" शिवराम नावाच्या बापाने विचारलं. "थे आमाले येते. मुकादमाले सांगतो, ट्रक एक दिवस थांबव."

त्या दिवशी लाद्या आणि रूळ काढले, टाकं उघडं ठेवून हवा खेळू दिली आणि गाळ दोरीच्या बादल्यांनी उपसला. तोवर मी कोणाला खाली उतरू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी ट्रॉल्यांनी मुरूम आला. बाया टोपल्या टाकत होत्या, पुरुष खाली उतरून थरावर थर चोपत होते. पाणी मारा, पुन्हा चोपा, असं मी ओरडत होते. ओरडून घसा बसला, पण कोणी कुरकुर केली नाही. आपली पोर कशावर झोपणार आहे, ते त्यांच्या पायाखालीच होतं.

संध्याकाळी भरावावर लाद्या परत बसवल्या, तशा कौसाबाई खलबत्ता घेऊन बरोबर त्याच जागी बसल्या. एक घाव घातला. ठक्.

"आता लिवा कागद," म्हणाल्या.

मी लिहिला. तेव्हापासून तपासणीच्या माझ्या फॉर्ममध्ये एक रकाना जास्त आहे, आणि तो मी सगळ्यात आधी भरते: या इमारतीत खाली बसून काम कोण करतं?