करड्या रंगाचा डबा

इटलीच्या डोंगरातल्या पिएत्राफोस्का गावात झाडून सगळ्या घरांच्या खिडक्यांना हिरव्या झडपा आहेत. तसा काही नियम नाही. पण कुणी वेगळा रंग लावला तर गाव वर्षभर तेच चघळत बसेल, आणि तेवढी हिंमत असलेली माणसं केव्हाच तोरिनोच्या कारखान्यांत निघून गेली. त्यामुळे ऑगस्टातल्या एका सकाळी एलिदेने हार्डवेअरच्या दुकानात येऊन करडा रंग मागितला, तेव्हा दुकानदार ओत्तोरिनोने चष्मा कपाळावर चढवला.

"करडा? कशाला?"

"खिडक्यांना."

"अख्खं गाव हिरवं आणि तू करडी? तुझा एव्हारिस्तो काय म्हणेल?"

"त्याला काय विचारायचंय? तो जन्मभर झाडं रंगवत आलाय, मी खिडक्या रंगवते."

ओत्तोरिनो पोट धरून हसला. एलिदेने डब्यांवरच्या रंगपट्ट्या निरखून पाहिल्या आणि बीचच्या झाडाच्या सालीशी मिळताजुळता डबा उचलला. एक बारीक कुंचलाही घेतला. खिडक्यांसाठी एवढा बारीक कुंचला कशाला, हे विचारायचं ओत्तोरिनोच्या जिभेवर आलं होतं, पण तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं.

एलिदे खोटं बोलणारी बाई नव्हती. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने हयात घालवली. तिथे पोरांना ती तोंडावर सांगायची, की आजचं सूप बिघडलंय, गुपचूप प्या. खोटं बोलायची वेळ तिच्यावर नवऱ्यामुळे आली, तीही उतारवयात.

एव्हारिस्तोला गावात कुणी नावाने हाक मारत नसे. तो 'कुंचला'. पोस्टातली नोकरी सांभाळून त्याने गावाभोवतीच्या सगळ्या डोंगरवाटांवर गिर्यारोहण मंडळाच्या पांढऱ्या-तांबड्या खुणा रंगवल्या होत्या. पडक्या किल्ल्याची वाट, जुन्या दगडी पुलाची वाट, आणि सगळ्यांत लांबची, वर सान व्हेरानोच्या मठीची. मठीत भिंतीवर संतांची चित्रं आहेत. ओलीने त्यांची तोंडं गेलीत, नुसती वस्त्रं उरलीत. तरी उन्हाळ्यात मिलानोचे, जर्मनीचे लोक धापा टाकत वर जातात आणि बिनतोंडाच्या संतांसमोर फोटो काढतात. त्यातला एकही आजवर वाट चुकला नाही, याचा एव्हारिस्तोला केवढा गर्व. प्रत्येक खूण तो झाडाच्या दोन्ही अंगांना काढी.

"एक जाणाऱ्याला, एक येणाऱ्याला," तो म्हणे. "जायला काय, कुणीही जातं. माणूस चुकतो तो परतताना."

मंडळाचा प्रमुख ओत्तोरिनोच होता. रंग तो दुकानातून फुकट देई, आणि दर वसंतात एव्हारिस्तो पाठपिशवीत डबे भरून निघे. बायकोपेक्षा कुंचल्यावर जीव जास्त, असं एलिदे चारचौघांत म्हणायची. तिला त्याचं वाईट वाटत नसे. तिलाही तो कुंचला हातात असलेला एव्हारिस्तोच आवडला होता.

मग दोन वर्षांपूर्वी त्याचं विसरणं सुरू झालं. आधी चाव्या, मग शेजाऱ्यांची नावं, मग तोरिनोत राहणाऱ्या स्वतःच्या मुलीचं नाव. फोनवर तो तिच्याशी गोड बोले आणि फोन ठेवल्यावर विचारी, "ही कोण बाई होती गं? चांगली होती." एलिदे पाठ फिरवून भांडी घासायला लागे. पण कुंचला हातात घेतला की तो पूर्वीचा होई. हात थरथरत नसे, पट्टीची कड सुरीने कापल्यासारखी सरळ येई. डॉक्टर म्हणाले, जे जमतंय ते करू द्या, त्यावरच तो तग धरून आहे. एलिदेने ते वाक्य मनात गाठ मारून ठेवलं.

जुलैच्या शेवटी चौकातल्या बारमध्ये एक जर्मन जोडपं आलं. गुडघ्यापर्यंत चिखल, बाईच्या हाताला खरचटलेलं. खुणांच्या मागे गेलो, म्हणाले, आणि मठी काही आलीच नाही. जंगलात काळ्या मातीची एक गोल सपाट जागा आली, तिथे खुणा संपल्या, आणि पुढे थेट कडा. सगळा बार हसला.

"नकाशा उलटा धरला असेल," कुणीतरी म्हणालं.

"बिअर सुलटी धरतात ना, मग झालं."

एलिदे तिथे कॉफी पीत होती. ती हसली नाही. काळ्या मातीची गोल जागा म्हटल्याबरोबर तिने कप खाली ठेवला. ती जागा तिला ठाऊक होती. तिथे एव्हारिस्तोचा बाप कोळशाच्या भट्ट्या लावायचा. लहानपणी एव्हारिस्तोचे सगळे उन्हाळे तिथल्या झोपडीत गेले होते.

दुसऱ्या दिवशी ती एकटी वर गेली. वाट फुटते तिथे हद्दीचा जुना दगड आहे. मठीला उजवीकडे जायचं. उजवीकडच्या खुणा होत्या तशाच होत्या, पण डावीकडच्या झाडांवरही खुणा होत्या. ताज्या, देखण्या, दोन्ही अंगांना. झाडामागून झाड त्या थेट बापाच्या भट्टीच्या जागेपर्यंत गेल्या होत्या. एलिदे तिथे खाली बसली आणि खूप रडली. इतकं नीटस काम त्याच्या हातून कित्येक दिवसांत झालं नव्हतं.

घरी आल्यावर तिने त्याला सरळ विचारलं, "वर कोळशाच्या जागेला खुणा कशाला केल्यास रे?"

"आई यायचीय," तो म्हणाला. "पाव घेऊन. धुकं असलं की तिला ते वळण सापडत नाही. मी मग भांड्यावर झाकण वाजवत उभा राहायचो. आता खुणा आहेत, आता काळजी नाही."

"आणि तू? तुला सापडतं वळण?"

"मी खुणा बघतच उतरतो. खुणा नसल्या तर मी पण मिलानोवालाच." तो हसला. तीही हसली. ते हसणं पुढे तिला फार महागात पडलं.

ओत्तोरिनोला सांगितलं असतं, तर त्याने त्याच दिवशी कुंचला काढून घेतला असता. त्याची चूक नव्हती. एखादा पाहुणा कड्यावरून गेला तर जबाबदारी त्याचीच. आणि कुंचला गेला की एव्हारिस्तो काय उरणार, हे एलिदेला दिसत होतं. खिडकीशी बसलेला, विचारलं तर खाणारा, न विचारलं तर न खाणारा. म्हणून तिने करडा रंग आणला. तो मठीच्या वाटेला जाऊन आला, की दुसऱ्या दिवशी अळंबी गोळा करायचं निमित्त करून ती वर जाई, आणि डावीकडच्या खुणा पुसून टाकी. तांबड्यावर करडा, पांढऱ्यावर करडा, झाडाच्या दोन्ही अंगांना. बीचची साल मुळात तशाच रंगाची. काम इतकं बेमालूम झालं की तिला स्वतःलाच अभिमान वाटला. नवऱ्याकडून काहीतरी शिकले म्हणायचं, असं ती मनाशी म्हणाली.

तो पुन्हा रंगवी, ती पुन्हा पुसे. त्याला कधी शंका आली नाही, कारण आपण खुणा केल्या होत्या हेच तो विसरलेला असे. ओत्तोरिनो दिसला की टोमणा मारी, "एलिदे, तिसरा डबा चाललाय. किती खिडक्या आहेत गं तुला? आणि झडपा अजून हिरव्याच?"

"आतून रंगवतेय," ती म्हणे.

चेस्टनटचा हंगाम सरला, पाहुणे थांबले. एलिदेने शेवटच्या खुणा पुसल्या आणि पांढऱ्या-तांबड्या रंगाचे डबे तळघरात लपवले. चला, आता वसंतापर्यंत सुटले. तिच्या जिवात जीव आला.

नोव्हेंबरातल्या त्या दुपारी ती चेस्टनटच्या पिठाचा केक ओव्हनमध्ये घालत होती. एव्हारिस्तोने दारातून हाक मारली, "जाऊन येतो गं."

तिने वळून पाहिलं. पाठीला पिशवी नव्हती, हातात डबा नव्हता. डब्याशिवाय निघालाय म्हणजे चौकापर्यंतच जाईल, असं तिला वाटलं. "मफलर घाल," ती म्हणाली. त्याने घातला.

केक निवेपर्यंत धुकं खाली उतरलं होतं. समोरचं चर्चही दिसेना. चौकात तो नव्हता, बारमध्ये नव्हता. बारवाली म्हणाली, त्याने जाताना एक पाव मागून घेतला. मग एलिदेला सगळं समजलं. तिने ओत्तोरिनोच्या दुकानाचं दार ढकललं आणि म्हणाली, "तो कोळशाच्या जागेवर गेलाय. लोक बोलव."

बचावपथकाची माणसं आली, कुत्रं आलं. एलिदे त्यांच्याबरोबर हद्दीच्या दगडापर्यंत गेली. घरून तिने भांडं आणि झाकण आणलं होतं. माणसं डावीकडे धुक्यात शिरली आणि ती तिथे उभं राहून झाकण वाजवत राहिली. कुणीतरी म्हणालं, बाईला घरी न्या. ती हलली नाही. हात सुजले तरी वाजवत राहिली.

उजाडल्यावर तो सापडला. जागेवर तो पोचला होता, तिथल्या एका दगडावर पाव नीट ठेवलेला होता. परतताना चुकला. वाटेतल्या एका बीचच्या बुंध्याशी तो बसलेला होता. थंडीनेच गेला, म्हणाले, झोपेतच गेला असेल. असं सगळ्यांनाच सांगतात. त्याच्या हातात खिशातला चाकू उघडा होता. वरच्या दोन झाडांची साल खरवडलेली होती, आणि ज्याच्याशी तो बसला होता त्याचीही, पण थोडीशीच. पथकातल्या माणसांना याचा अर्थ लागेना. भीतीने डोकं फिरलं असेल बिचाऱ्याचं, झाडं सोलत बसला, असं ते आपसांत बोलले.

एलिदे झाडाजवळ गेली. करड्या रंगाच्या पापुद्र्याखालून बोटाएवढी तांबडी पट्टी दिसत होती. तिच्या शेजारी ओत्तोरिनो उभा होता. त्याने त्या पट्टीवरून नख फिरवलं, नखात अडकलेला करडा कण बघितला, आणि मग तिच्याकडे पाहिलं.

"ओत्तोरिनो," ती म्हणाली, "मी..."

"खिडक्यांसाठी नेलास तू तो," तो हळूच म्हणाला. "मी स्वतः विकलाय. गप्प राहा आता."

अंत्यविधीला सगळं गाव आलं. पाद्री म्हणाले, आमच्या कुंचल्याने कितीजणांना वाट दाखवली. एलिदे मान खाली घालून उभी होती. तोरिनोहून आलेली मुलगी रडून रडून थकली. तिने विचारलं, "मम्मा, बाबा तर त्या डोंगरात डोळे मिटून फिरायचे. चुकले कसे?" एलिदे तिच्या कोटाची बटणं लावू लागली. मुलगी म्हणाली, "धुकंच तसं होतं," आणि आईला जवळ घेतलं.

मुलगी परत गेली त्यानंतरच्या रविवारी दार वाजलं. ओत्तोरिनो होता. खांद्यावर शिडी, हातात करड्या रंगाचा डबा.

"हे काय?"

"गावात विचारायला लागलेत," तो म्हणाला. "बीचवरचा तो रंग कुठला म्हणून. पथकातल्या एकाने पाहिलाय. तू तीन डबे नेलेस, हे दुकानात बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. आणि तुझ्या खिडक्या हिरव्या."

"मग सांग ना त्यांना. मी केलं म्हणून सांग. मला काही वाटत नाही."

"तुला वाटत नसेल. तुझ्या पोरीला काय वाटेल?"

एलिदे दारातून बाजूला झाली. ओत्तोरिनोने शिडी लावली आणि दिवसभर खपून एकेक झडप करडी केली. हात त्याचा बरा नव्हता, रंगाचे ओघळ आले. संध्याकाळी त्याने शिडी उचलली आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "झालं. आता कुणी काही विचारणार नाही."

खरंच कुणी विचारलं नाही. थोडे दिवस बायका म्हणाल्या, नवरा गेला आणि हिला रंगरंगोटी सुचली. मग तेही थांबलं. एव्हारिस्तोच्या खुणा आता दुसरा कुणी रंगवतो. तो फक्त एकाच अंगाला रंगवतो.

एलिदे रोज सकाळी उठते आणि खिडकीशी जाते. झडपा ढकलायच्या आधी ती जरा वेळ अंधारातच उभी राहते. मग दोन्ही हातांनी करड्या फळ्या बाहेर ढकलते, आणि हाताला काहीही लागलेलं नसताना हात एप्रनला पुसते.