युसूफ रंगाऱ्याचा डबा

नांदुऱ्याच्या युसूफ रंगाऱ्याला हिरवा आणि तपकिरी यांतला फरक दिसत नसे. नावाड्याला पोहता येऊ नये, तसली गत! पण बाजारात कोणाला पत्ता नव्हता. त्याची अम्मी, अजीजुन्निसा, भट्टीजवळ बसून असायची आणि पाण्यात चुकीचा रंग पडू लागला की खोकायची. लोकांना वाटे, म्हातारीला दमा आहे. मग एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराला तिच्याच डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आता दुकान कोणाच्या डोळ्यांनी चालवायचं?

बायको शबाना रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकलेली. "रंग मी सांगीन नं," ती म्हणाली, "पण मी माहेरी गेली तं? तुमचा धंदा तुमच्याच हाती पाह्यजे."

तिनं मुंबईहून मायक्रोकंट्रोलरची चिप मागवली आणि बिस्किटाच्या डब्यात यंत्र बसवलं. आतल्या दिव्याचा उजेड कापडावरून परतून लाल, हिरव्या, निळ्या पारदर्शक कागदातून पाळीपाळीनं सेन्सरवर पडायचा. उजेड जितका जास्त, तितके विजेचे ठोके भराभर. चिपमधला टायमर ठरावीक वेळ धरायचा, तेवढ्यात पडलेले ठोके मोजले जायचे आणि आकडा दिसायचा. दोन कापडांचे तिन्ही आकडे जुळले की रंग जुळला. पण सकाळचे आकडे संध्याकाळी बदलू लागले. दिव्याच्या धगीनं कागद विटत होते. शबाना तडक कासाराकडे गेली, कागदांच्या जागी बसवायला त्याच तीन रंगांच्या फुटक्या बांगड्यांचे तुकडे घेऊन आली. काच कशाला विटते! आकडे जागेवर बसले.

एकदा शबाना घरी नसताना कोकिळाताई आल्या. लेकीच्या साखरपुड्यासाठी शेवाळी ब्लाउजसारखीच साडी रंगवून हवी होती. युसूफनं रंग कालवला, चिंधी बुडवून वाळवली, मोजली. लाल काचेचा आकडा ब्लाउजपेक्षा जास्त आला. हिरवा रंग लाल उजेड गिळतो, म्हणजे हिरवा कमी पडला होता. त्यानं हिरवा वाढवला. मागून अम्मी सवयीनं खोकली. आईचं ऐकू नये हे वाईटच, पण त्या दिवशी त्यानं ऐकलं नाही; आकडे जुळले तशी साडी बुडवली.

कोकिळाताईंनी वाळलेली साडी उन्हात नेऊन ब्लाउजला लावली. "एकाच ताग्यातली वाटते, युसूफभाई! काय नजर हाय तुमची!"

चार लोक जमले होते. नुसतं हसला असता तरी भागलं असतं. जन्मभर त्यानं हेच झाकलं होतं. पण शबानाची कमाई आपल्या नजरेच्या खात्यावर जावी, हे त्याला सोसवेना. त्यानं डबा उचलून सगळ्यांपुढे धरला.

"नजर कायची, ताई? मले हिरवं दिसतच नाही. हे माह्या बायकोनं बनवलं."