मागून कडू लागणारं ऑरेंज

गेल्या उन्हाळ्यात आईनं ऑरेंजचा एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "मागून कडू लागते हे."

माझी मुलगी त्याच बाटलीतलं पीत होती. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. ती म्हणाली, "नहीं आजी, बिल्कुल सेम तो है." बायको म्हणाली, बीपीच्या गोळ्यांनी तोंड कडू होतं. उरलेलं काम मी केलं. वय झालं की जीभ मंदावते, असं मी कुठेतरी वाचलं होतं, आणि वाचलेलं वाया जाऊ न देण्याची मला वाईट सवय आहे. दहा मिनिटं मी आईला तिच्याच जिभेविषयी माहिती दिली. तिनं ऐकून घेतली. पेला तसाच राहिला.

हे मी कुणाला सांगत होतो, ते लक्षात घ्या. माझ्या लहानपणी ब्राह्मणपाऱ्यात, म्हणजे या हिंदी मुलखातल्या आमच्या जुन्या मोहल्ल्यात, पाहुणा आला की कोपऱ्यावरच्या दुकानातून याच ऑरेंजच्या काचेच्या बाटल्या यायच्या. बाटल्या परत द्यायच्या असत, त्यामुळे पाहुण्याला समोर बसूनच संपवावी लागे आणि तेवढा वेळ बोलणंही भाग पडे. पहिल्या घोटाला नाकात झिणझिण्या, मग साखरेची सरळ, बेधडक गोडी. ते संत्रं नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आमचे निम्मे नातेवाईक नागपूरकडचे, त्यांना संत्र्याबद्दल कोण फसवणार? पण त्यातली साखर ही साखर होती. पाहुण्याच्या हाती बाटली देण्याआधी आई आपल्या बाटलीचा घोट घेई. पेटी उन्हात राहिलेली असली तर तिला तेवढ्यात कळे. "भैया, ये धूप खाया हुआ है," असा निरोप जाई आणि दुकानदार मुकाट्यानं दुसऱ्या बाटल्या देई. त्यानं तिच्या जिभेवर कधी व्याख्यान दिलं नाही. तो शिकलेला नव्हता.

माझ्या व्याख्यानाचा परिणाम हळूहळू दिसला. आधी आई भाजीत मीठ टाकून बायकोला चाखायला लावू लागली. मग म्हणाली, "मीठ तूच टाकत जा." दिवाळीच्या चिवड्याला तिनं हातच लावला नाही. आम्हाला वाटलं, थकली. आणि यंदा चैत्र लागला तेव्हा तिनं मंडळाच्या सचिवांना सांगून टाकलं, की चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचं पन्हं तिच्याच्यानं होणार नाही. आमच्या महाराष्ट्र मंडळात ते पन्हं कित्येक वर्षं तिचं होतं. घरी अक्तीच्या दिवशी, म्हणजे अक्षय तृतीयेला, ती हळदीकुंकू करायची, तेही यंदा नको म्हणाली.

सचिवांना इतका आनंद झाला, की तो लपवायचे कष्टही त्यांनी घेतले नाहीत. "काकू, आता तुम्ही फक्त आराम करा." आठवड्याभरात त्यांनी प्रायोजक आणला: शहराबाहेर सिलतऱ्याकडे गोदाम असलेला, थंड पेयांचा वितरक.

कार्यक्रम एसी हॉलमध्ये झाला. गौरीच्या झोपाळ्यामागे, देवीपेक्षा मोठा, त्याच ऑरेंजचा फलक. वितरकाला शाल, श्रीफळ. सचिवांचं भाषण परंपरा आणि आधुनिकता यांच्या संगमावर. तो संगम म्हणजे खुर्चीखुर्चीवर ठेवलेली प्लास्टिकची बाटली. माझ्या शेजारी आई बसली होती, पदर सावरून, परक्या लग्नात आल्यासारखी. कुणीतरी तिच्याही हाती बाटली दिली. तिनं ती न उघडता पिशवीत टाकली.

भाषण लांबलं. वाचायला दुसरं काही नव्हतं म्हणून मी बाटलीचं लेबल वाचू लागलो. साखरेनंतर, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात, दोन कृत्रिम गोड पदार्थ लिहिलेले होते. साखर कमी करून तिच्या जागी घातलेले. बाटली तीच, रंग तोच, नाव तेच, चित्रातलं संत्रंही तेच.

मी झाकण उघडलं आणि घोट घेऊन थांबलो. एरवी आपण थांबत नाही, दुसरा घोट घेतो. धंदा त्यावरच चालतो. गोडी आली, गेली, आणि जिभेच्या मागच्या बाजूला एक पातळ, धातूसारखा कडवटपणा उरला. वर्षभर तो तिथे होता. मी वर्षभर ते पीत होतो.

त्या क्षणी मला आलेला राग काही थोर नव्हता. कंपनीनं साखर कमी केली, खुशाल करावी. पण चव बदलताना ती लपवायला एवढी मेहनत, आणि ती ओळखणाऱ्या बाईला वेडं ठरवायला आम्ही घरचे, फुकट. त्यांना नोकर ठेवावे लागले नाहीत.

कार्यक्रम संपल्यावर मी सचिवांना लेबल दाखवलं.

"अरे, मग चांगलंच आहे ना," ते म्हणाले. "अर्ध्या बायका शुगरवाल्या आहेत आपल्या."

"तर मग फलकावर लिहायचं होतं."

"काहून टेन्शन घेऊन राहिले भाऊ? फुकटात मिळालं."

"पुढच्या वर्षी पन्हं आईचं ठेवा."

"काकूंनीच मना केलं. आणि खरं सांगू, तुम्हीच तर मले म्हटलं होतं, त्यांना आता चव लागत नाही म्हणून."

म्हटलं होतं. याच हॉलच्या दारात, दिवाळी मिलनाच्या वेळी, हसत हसत.

घरी येऊन मी आईला लेबल वाचून दाखवलं. वाटलं होतं, खूश होईल. तिनं चष्मा लावून बाटली उलटसुलट केली.

"म्हणजे सालभर मी येडी नव्हती."

"नाही."

"तू त बुकं वाचतोस. हे तुले आज दिसलं?"

तिनं बाटली माझ्या हातात परत दिली.

"त्या दिवशी तू चाखून पाह्यलं होतं का, का नुसतंच सांगून राहिला होता?"

"नुसतंच."

ती उठून आत गेली. दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी बायकोला म्हणाली, अभनपूरच्या बाजारातून कोणी येत असेल तर कैऱ्या आणायला सांग, अक्तीला बायका बोलवू. बायकोनं एकही प्रश्न विचारला नाही. ती माझ्यापेक्षा शहाणी आहे.

अक्तीच्या दुपारी कैऱ्या उकडून, गर काढून, गूळ विरघळवून आईनं पन्हं पातेल्यात कालवलं. मग मिठाची चिमूट हातात घेऊन थांबली. इतका वेळ थांबली, की मला बघवेना. तिनं बायकोकडे पाहिलं. बायको वाट्या पुसत राहिली, मुद्दाम. शेवटी आईनं मीठ टाकलं, ढवळलं, चाखलं, परत टाकलं आणि पेला माझ्यापुढे केला.

"सांग."

खारट होतं. छान झालंय म्हणणं सोपं होतं. पण तिच्याशी खोटं बोलणारे त्या वर्षात पुरेसे झाले होते.

"मीठ जास्त झालंय," मी म्हणालो.

बायकोचा हात थांबला. आईनं पेला माझ्याकडून घेतला, स्वतः एक घोट घेतला, डोळे मिटून गिळला.

"बर्फ पडायचा आहे अजून," ती म्हणाली. "आता बरोबर लागलं त बायका येईस्तोवर फिकं पाणी होईन. जाय, बर्फ आण."