चिभडावर पडलेला मुरूम

अर्जदार: मी स्वतः, वय बावन्न, शिक्षण नववीपर्यंत, धंदा अर्जलेखन, बैठक तालुक्याच्या कचेरीसमोरील कडुनिंबाखाली.
बाधित: शिंदीच्या पानांचे फडे, म्हणजे झाडू, बांधून बोरी अरबच्या बाजारात विकणारी एक बाई; नाते नाही, तरी मावशी म्हणतो.
ठिकाण: यवतमाळ जिल्ह्यातील एका नाल्याकाठचे चिभड, म्हणजे बारमाही ओल धरून राहणारी सरकारी जमीन.
दिनांक: पोळा झाल्यानंतरचा सोमवार.
साक्षीदार: सदर मावशी, टिप्परचा चालक व एक पाणकोंबडी. पैकी शेवटची आता दिसत नाही.

नावे देत नाही. नावे घालून आयुष्यभर लिहिले. हा मजकूर नावांवाचून उभा राहतो का, ते पाहायचे आहे.

या तालुक्यात अर्जामध्ये माझ्याइतके इंग्रजी शब्द बसवणारा दुसरा इसम नाही, हे मी नम्रपणे नमूद करतो. शाळेत मला इंग्रजीनेच अडवले; म्हणून पुढे मीही तिला सोडले नाही. आठवडी बाजारात रद्दीवाल्याकडे मिळालेला, पुठ्ठे निघालेला एक शब्दकोश माझ्या पेटीत असतो. मे महिन्यात, कडुनिंबाची सावलीसुद्धा तापलेली असताना, त्यातील ओले शब्द वाचत बसणे हे माझे गुप्त सुख. डॅम्प. मॉइस्ट. मार्श. स्वॅम्प. बॉग. त्या लोकांच्या देशात ओलीच्या इतक्या जाती कशा, याचे मला नवल वाटे. ‘मिस्ट’ या शब्दावर बोट ठेवले की बोट गार पडल्यासारखे होई, आणि समोरची कचेरी, टेकवलेल्या सायकली, राळेगावकडे निघालेली एस.टी., सारे पांढुरक्या धुक्यात विरत जाई. मी बसल्या जागी त्यात तरंगत राही. कोणी “वकीलसाहेब” म्हणून हाक मारली की पाय पुन्हा फुफाट्यात.

आमच्या धंद्याचा एक दंडक आहे. आपली जागा जितकी वाईट लिहावी, तितका अर्ज चांगला. छप्पर गळत असेल तर ते कोसळण्याच्या बेतात आहे असे लिहावे. मी हा दंडक याच झाडाखाली, माझ्या आधी बसणाऱ्या गुरूकडून घेतला. जागा स्वतः पाहून यावी, असे मात्र त्याने कधी सांगितले नाही.

मावशी आली ती उन्हाळ्याच्या शेवटी.

“भाऊ, त्या तेलगिरणीवाल्यानं घाण पाणी नाल्यात सोडलं. ते चिभडात उतरून राह्यलं. वरून मोराच्या पिसावानी रंग दिसते, अन् खाली शिंदी पिवळी पडून राह्यली. मी फडे कायचे बांधू?”

“आपली मागणी काय, मावशी?”

“मागणी कायची? ते पाणी बंद करा म्हना.”

“इंग्रजी टाका बरं त्यात,” मागे उभा असलेला एक म्हातारा म्हणाला. “मराठी वाचून साहेबाले झोप येते.”

मी दीड पान लिहिले. ‘स्वॅम्प’ घातला, ‘स्टॅग्नंट वॉटर’ घातले, ‘कंटॅमिनेशन’, ‘मॉस्किटो ब्रीडिंग’, ‘पब्लिक न्यूसन्स’ घातले. गिरणीच्या वाट्याला मधली एक ओळ आली. तिच्यासाठी ‘इफ्लुएंट’, म्हणजे सांडपाणी, हा एकच शब्द सापडला होता आणि तो मला फार कोरडा वाटला. मग मोठ्याने वाचून दाखवले. मावशी हात जोडून ऐकत होती.

“लय भारी वाटते,” ती म्हणाली. “पण हे माह्याच जागेचं हाय ना, भाऊ?”

“तुमच्याच,” मी म्हणालो.

माझ्या कोणत्याही अर्जाला इतक्या लवकर उत्तर आले नव्हते. पोळा झाला आणि त्या सोमवारी मावशी झाडाखाली उभी राहिली. पाय घोट्यापर्यंत मुरमाने लाल.

“तुमचा अर्ज लय चालला, भाऊ. टिप्परमधी बसून आला. चला पाह्याले.”

डासांची उत्पत्ती करणारी दलदल बुजवावी, असा हुकूम निघाला होता. गिरणीचे पाणी वाहतच होते. निम्म्या चिभडावर मुरूम सपाट पसरला होता. चालक टायरच्या सावलीत डबा खात होता. थांबा म्हणालो, तर त्याने मान हलवली.

“मी कोन थांबवनार? कागदानं सुरू झालं, कागदानंच थांबन. उद्या सकाळी बाकीच्या खेपा हायेत.”

मी चपला काढून उरलेल्या निम्म्यात उतरलो. इथे माती पाय धरून ठेवत होती, दोन पावलांवर हलकेच सोडत होती. शिंदीच्या बुडाशी पाणी इतके निवांत होते की त्यात आभाळ झोपले असावे. एक पाणकोंबडी लव्हाळ्यातून निघाली, माझ्याकडे पाहून परत आत गेली. बारीक वास येत होता. अर्धा पाण्याचा, अर्धा तेलाचा. आयुष्यभर शब्दकोशात ज्या गारव्यात मी तरंगलो, तो इथे तासाभराच्या वाटेवर होता, आणि मी त्याला पब्लिक न्यूसन्स म्हटले होते.

“तिकडं पान्याचा झिरा हाय,” मावशी सांगत होती. “उन्हाळ्यात गायी तिथंच पेतात. अन् त्या कोवळ्या शिंदीले दोन वर्सं हात नाही लावाचा.”

ती बोलत गेली तसे मी गुडघ्यावर कागद ठेवून लिहीत गेलो. तिने डोकावून पाहिले.

“यात इंग्रजी नाही?”

“एक ठेवला आहे. वेटलँड.”

“म्हंजे?”

“ओली जमीन.”

“मंग तसंच लिहा ना.”

मी तो शब्द खोडला.

सबब मेहेरबान साहेबांस कळवितो की पहिल्या अर्जातील जागेचे वर्णन बाईचे नसून माझे होते, आणि मी ती जागा पाहिली नव्हती. त्याचा दोष माझ्याकडे धरावा. बाईची मागणी पहिल्या दिवसापासून एकच आहे: गिरणीचे पाणी बंद व्हावे. पडलेला मुरूम उचलावा, आणि उद्याच्या खेपा थांबवाव्या. उत्तर लेखी द्यावे, झाडाखाली पोचते. मात्र चालक सकाळी आठला गाडी सुरू करतो, आणि तोंडी शब्द त्याला चालत नाही. तरी उत्तर त्याच्या आधी मिळावे, ही विनंती.