‘या की’मधला ‘की’

मला आजही नवल वाटतं ते एका अक्षराचं. आमच्या कोल्हापुरात माणूस तोंडावर बोलतो, आडपडदा ठेवत नाही. रश्शात मीठ कमी पडलं तर पाहुण्याच्या घरी ताटावर बसूनही सांगतो. पण नोकरी मागायला आलेल्याला ‘न्हाय’ म्हणायची वेळ आली की याच माणसाची जीभ मऊ होते. मग तो शेवटी एक ‘की’ लावतो. बघू की. सांगू की. फोन करू की. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाल्यावर कितीतरी दिवस मी या ‘की’वर काढले.

पन्हाळ्याच्या पायथ्याला आमचं गाव. घरी मी, आई आणि दोन म्हशी. एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये ‘हंगाम लागू दे, बघू की’ म्हणाले. हंगाम लागला, संपलाही, माझं बघणं तेवढं राहिलं. कबनूरच्या एका कापड रंगवणाऱ्या कारखान्यात त्यांना मुलगाच हवा होता. हे त्यांनी मला सकाळभर बसवून, दोनदा चहा पाजून, मग सांगितलं. पुण्याच्या एका कंपनीनं फोनवर मुलाखत घेतली. आमच्याकडं बायकाही ‘मी आलो, मी गेलो’ असंच म्हणतात. बोलण्याच्या भरात माझ्या तोंडून ‘मी ट्रेनिंगला गेलतो’ असं निघून गेलं. उमेदवार तुम्हीच ना, असं पलीकडच्या बाईंनी विचारलं.

त्या दिवसापासून मी ‘येते, जाते, करते’ घोकायला लागले. म्हशींना वैरण टाकतानाही शुद्ध बोलायची. म्हशींनी काही मनावर घेतलं नाही, आई मात्र हसून बेजार व्हायची. मला हसू यायचं नाही. शिकलेलं सगळं गंजून चाललंय असं वाटायचं, आणि सकाळी उठायचाच कंटाळा यायचा.

अशात शिरोली एमआयडीसीतल्या एका लोखंड ओतणाऱ्या फौंड्रीतून बोलावणं आलं. लॅबचे साहेब पन्नाशीचे, आवाजानं दणदणीत. त्यांनी लोखंडात कार्बन कमी-जास्त झाला तर काय होतं ते विचारलं. मला येत होतं, मी सांगितलं. सोमवारी दुसरी भट्टी पेटवायचा विचार आहे, तिथं माणूस लागेल, असं ते म्हणाले. मग त्यांचा फोन वाजला. मी उठले. आपल्यात निघताना कुणी ‘जाते’ म्हणत नाही, म्हणून मी घोकलेलं शुद्ध मराठी बाहेर काढलं आणि म्हटलं, “येते मग.”

फोन कानाला तसाच धरून ते म्हणाले, “या की.”

सोमवार आणि ‘या की’. मी दोन्हीची गाठ मारली आणि एसटीत बसले.

आईनं दारातच विचारलं, काय म्हणाले. मी सांगितलं, या की म्हणाले. “मग झालं की,” आई म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती डेअरीत दूध घालायला गेली आणि दुधाबरोबर ही बातमीही घालून आली. सोमवारी सकाळी गल्लीतल्या बायका मला बघायला दारात उभ्या होत्या. डब्यात दोन भाकरी, वांग्याची भाजी आणि खर्डा होता.

साहेबांनी मला बघितलं, मग माझ्या हातातला डबा बघितला. थोडा वेळ त्यांना काही उलगडेना. उलगडलं तेव्हा त्यांचा दणदणीत आवाज एकदम खाली आला.

“अवो ताई, तुम्ही येते म्हणालासा, म्हणून मी या की म्हटलं. जाणाऱ्याला म्हणतोय तसं.”

दुसरी भट्टी अजून तयारच नव्हती. ती कधी पेटणार तेही ठरलं नव्हतं. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसले. गल्लीतल्या बायका दिसत होत्या, आईचा चेहरा दिसत होता. साहेबही ओशाळले असावेत. आलाच आहात तर चहा घ्या, पहिल्या भट्टीचं लोखंड आता उतरेल तेवढं बघून जावा, असं ते म्हणाले. घरी लवकर जायची मला घाई नव्हतीच. त्यांनी दिलेलं हेल्मेट घालून मी आत गेले.

पुस्तकात वितळलेल्या लोखंडाचं तापमान मी पाठ केलं होतं. ते लोखंड असं दिसत असेल हे कुठल्याच पुस्तकानं सांगितलं नव्हतं. रस तांबडा नव्हताच. तो पिवळ्याच्याही पलीकडचा, बघवत नाही असा उजळ होता. गुऱ्हाळावर काहील उतरताना गूळ जसा जड, संथ हलतो तसा तो हलत होता. उष्णता लांबूनही तोंडावर येत होती. मी आजवर देवळात हात जोडले ते सवयीनं. तिथं हात कधी जुळले ते मला कळलं नाही.

पण खरी चकित झाले ती पुढं. एकानं लांब दांड्याच्या पळीनं थोडा रस काढून छोट्या साच्यात ओतला. त्याची चकती झाली, ती तपासायला लॅबमध्ये गेली, आणि सगळं थांबलं. भट्टीजवळची माणसं थांबली, वरची क्रेन थांबली, ती आग थांबली. सगळ्यांची तोंडं लॅबच्या खिडकीकडं. एवढं मोठं धगधगतं प्रकरण एका खिडकीकडं बघत उभं होतं.

खिडकीतून आवाज आला, “न्हाय. कार्बन कमी हाय.”

इतक्या दिवसांत इतका स्वच्छ ‘न्हाय’ मी पहिल्यांदा ऐकला. कुणी रुसलं नाही, कुणाचं तोंड उतरलं नाही. भट्टीत काहीतरी टाकलं, रस ढवळला, पुन्हा चकती गेली. पुन्हा सगळे थांबले. मग आवाज आला, “व्हय. ओता.” आणि तो उजेड वाकून साच्यांत उतरायला लागला.

तोवर मला नोकरी हवी होती, कुठलीही. आता मला ती खिडकी हवी होती. जिथं बघू की म्हणता येत नाही अशी जागा जगात आहे, आणि ती माझ्या गावापासून दोन एसटींवर आहे, याचंच मला भारी अप्रूप वाटलं.

साहेबांच्या केबिनमध्ये हेल्मेट परत करायला गेले तेव्हा माझं शुद्ध मराठी पार वितळलं होतं. “जातो मी, सायेब,” मी म्हणाले.

ते दचकले. “जातो म्हणू ने ताई. येतो म्हणावं.”

“येतो म्हटलं की तुम्ही या की म्हणता.”

बोलून गेल्यावर माझी मलाच भीती वाटली. साहेब हसले नाहीत. त्यांनी तिथंच दोन फोन केले, एक भट्टीवाल्यांना आणि एक मालकांना. दुसऱ्या फोनवर माझ्याकडं बघत ते बराच वेळ बोलत होते. मग फोन ठेवून म्हणाले, “दुसरी भट्टी गुरुवारी पेटतीया. या.”

पुढचं अक्षर येईल म्हणून मी उभी राहिले. ते आलं नाही.

घरी आईनं डबा उघडला. तो भरलेलाच होता, म्हणून तिला निम्मं न सांगताच कळलं. उरलेलं मी सांगितलं. खिडकीसाठी आग थांबते हे ऐकताना तिचा हात भाकरीवर तसाच राहिला. मग तिनं एकच विचारलं. “सायेब या म्हणाला, का या की म्हणाला?”

“या म्हणाला.”

तिनं मला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. या खेपेला ती डेअरीत कुणाला काही बोलली नाही.

गुरुवारी सकाळी डबा घेऊन मी उंबऱ्याबाहेर आले आणि येतो म्हणाले. एरवी म्हशींच्या नादात मान वर न करता ‘ये की’ म्हणणारी आई दारापर्यंत आली होती.

“ये,” ती म्हणाली.